तिसरा सिलिंडर मिस मारतोय? कोड पुसायच्या आधी हे वाचा

दादा, तुमचं वाचलं आणि माझीच जुनी गाडी डोळ्यासमोर आली. सकाळी थंड असताना एकदम शिस्तीत, गरम झाली की उभ्या जागी थडथड, जरा पाय दिला की परत गुळगुळीत, स्कॅनरवर कोड पी ०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, प्लग बदलले, प्लगला वीज देणारं कॉइल बदललं, फरक शून्य, आणि आता वर्कशॉपवाले म्हणतायत इंधन फवारणारा इंजेक्टर टाका. थांबा जरा. इंजेक्टरचे पैसे अजून देऊ नका.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. ओतूरहून माल भरून माळशेज उतरायचा, कल्याणमार्गे वाशी, हे माझं काम. गाडी चार सिलिंडर, पेट्रोल-सीएनजी. डिझेल पिकअपवाल्यांनी यातलं सगळं जसंच्या तसं घेऊ नका, तिकडे स्पार्क प्लगच नसतो आणि कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचे, आकडेही भलतेच मोठे असतात. तीनचं कॉइल दोनवर टाकून कोड ०३०२ होतो का, म्हणजे दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर सरकतो का, हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात शिरत नाही.

मला सगळ्यात महाग काय पडलं तर पहिल्याच दिवशी स्कॅनर लावणाऱ्याने कोड पुसला. नाव घेत नाही, मोठं वर्कशॉप, काचेची केबिन, चहा वगैरे. पोराने टॅब लावला, ०३०३ बघितला, क्लिअर दाबलं, आवारात एक चक्कर मारली आणि जॉबकार्डवर लिहिलं "कोड क्लिअर केला, ट्रायल ओके". अरे बाबा गाडी रात्रभर तुमच्याकडेच उभी होती, थंडगार इंजिनावर ट्रायल ओकेच येणार ना! कोड पडतो तेव्हा त्या क्षणीचा आरपीएम, पाण्याचं तापमान, लोड हे सगळं गाडी साठवून ठेवते, फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला, आणि क्लिअर दाबलं की तेही जातं. माझ्या गाडीत तिथे बहुतेक लिहिलेलं असणार, इंजिन पूर्ण गरम, आयडलिंग. तेवढ्यावर एखाद्या जाणत्या माणसाने दिशा पकडली असती. त्याऐवजी आधी प्लग, मग कॉइल, मग एक इंजेक्टर, मग चौथ्या फेरीला "साहेब, ईसीएम असू शकतो", म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. असू शकतो म्हणजे काय? तुमचं सामान, माझे पैसे, आणि अंदाजही माझ्याच खर्चाने?

यात माझीही चूक आहे, ती लपवत नाही. सीझन होता, टोमॅटो थांबत नाही, म्हणून महिनाभर तशीच पळवली. रिकामी येताना माळशेजला तिसऱ्या गिअरवर सहज चढणारी गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढायची, तरी मी गॅसच खराब मिळतोय म्हणत बसलो.

शेवटी आळेफाट्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने स्कॅनर काढलाच नाही. गाडी गरम करून आयडलिंगला सोडली, माझ्या खिशातली आडत्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, मागितली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. कागद बाहेर फडफडायचा आणि मधेच फट्कन आत ओढला जायचा, परत बाहेर, परत आत. म्हणाला, "एक्झॉस्टचा वॉल बसत नाही," म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. मग सगळे प्लग काढून कॉम्प्रेशनचा गेज लावला. एक, दोन, चार १७० पीएसआयच्या आसपास, तीन नंबर ९५. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत मारलं, काटा जागचा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने तेवढ्यापुरतं सील होऊन आकडा वर गेला असता.

कारण त्याने सांगितलं तसं सांगतो. सीएनजी कोरडा, त्यावर वॉल आणि तो जिथे टेकतो ती सीट जास्त झिजतात, वॉल हळूहळू हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे वॉलच्या दांडीवरची बारीक मोकळी जागा, कमी होत जातो. इंजिन गरम झालं की वॉलची दांडी वाढते, उरलासुरला गॅपही संपतो आणि वॉल केसभर उघडाच राहतो. आयडलिंगला कॉम्प्रेशन गळायला वेळ मिळतो म्हणून मिस, आरपीएम वाढला की तेवढा वेळच मिळत नाही म्हणून गाडी शहाण्यासारखी वागते. आणि वॉलची उष्णता मुख्यतः सीटला टेकूनच बाहेर जाते, टेकलाच नाही तर तो जळतो. माझा जळला होता. वेळेवर बघितलं असतं तर टॅपेट सेटिंगच्या मजुरीत सुटलो असतो, तिथे हेड उतरवून वॉल, सीट कटिंग, गॅसकेट, १९ हजार गेले. आधी उगाच बदललेले पार्ट वेगळेच.

तर माझं ऐकाल तर आधी पेट्रोलवर आणि सीएनजीवर दोन्हीकडे मारते का ते बघा. फक्त सीएनजीवर असेल तर किटचा फिल्टर, इंजेक्टरची रेल, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर तपासा, शिवाय गॅसला ठिणगी जोरदार लागते म्हणून अर्धमेलं कॉइलही आधी तिथेच उघडं पडतं. दोन्हीवर असेल तर पार्ट आणायच्या आधी कॉम्प्रेशन. बॅटरी फुल, चारही प्लग बाहेर, इंधन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. टॅपेटचं माप तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधलंच घ्या, आणि इंजिन थंड करूनच. काही इंजिनांत स्क्रू-नटाने सेट होतं, काहींत शिम (पातळ चकती) किंवा बकेट (वॉलवरची टोपी) बदलावी लागते, हायड्रॉलिक टॅपेट असेल तर हे सेटिंगच नसतं. स्कॅनर लावणाऱ्याला मात्र आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढायला लावा, नाही म्हणाला तर चावी घ्या आणि निघा.

आणि चेक लाइट नुसती पेटलेली नसून लुकलुकत असेल तर माझ्यासारखा शहाणपणा नको, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये, जाऊन तोही भाजून निघतो आणि त्याची किंमत ऐकून जेवण जात नाही. चालू इंजिनावर कॉइल उपटून बघायचा जुना खेळही करू नका, झटका बसतो आणि कॉइलही जातं.

चारही सिलिंडरचे आकडे आले की इथे टाका. आणि गाडी किती किलोमीटर झाली, टॅपेट शेवटचे कधी बघितले तेही लिहा, ते तुम्ही सांगितलंच नाहीये.