वरकस माळावरचे गवत आणि माती कशी सुधारावी?

रत्नागिरीकडील वरकस, म्हणजे हलक्या, उताराच्या माळावरचे गवत दरवर्षी विरळ आणि निकस होत आहे, त्यावर उपाय काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पहिली चूक कापणीच्या वेळेत होते. गवत पिवळे पडेपर्यंत थांबल्यास त्यातील प्रथिने घटतात, काडी राठ होते आणि गुरे ती टाकून देतात. म्हणून बहुतेक गवत फुलोऱ्यात येताच, पावसाची उघडीप पाहून, जमिनीपासून चार बोटे वर कापावे आणि उलटसुलट करून पुरते वाळवावे. एक पट्टा मात्र बी पडेपर्यंत राखावा व तो दरवर्षी बदलावा.

माळाला आग लावू नये, हे मी कळकळीने सांगतो, कारण उताराची राख पहिल्याच सरींत वाहून जाते आणि तिच्यामागोमाग उघडी पडलेली मातीही जाते.

जांभ्याची माती आम्लधर्मी असून स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवते व ते पिकाला मिळू देत नाही; चुन्याने आम्लता कमी होते, पण माती तपासूनच चुन्याचे प्रमाण ठरवावे. कुजलेले शेणखत मात्र निःशंकपणे घालावे. पावसाच्या आरंभी स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचे बी फोकल्यास हे द्विदल पीक हवेतील नत्र (नायट्रोजन) मातीत आणते आणि वैरणही सकस होते. भर पावसात तेथे गुरे सोडू नयेत, कारण ओली माती खुरांखाली दडपली जाते.