बाबांची स्मरणपुस्तिका: विशेषणं थांबवा, कामं लिहा

प्रश्न: आमचे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आळीतले निम्मे पंखे, मिक्सर आणि सायकली त्यांनीच दुरुस्त केल्या, पैसे कुणाकडून घेतले नाहीत. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायची आहे. पण लिहायला बसलं की ‘प्रेमळ, परोपकारी, हसतमुख’च्या पुढे गाडी जात नाही. त्यांच्या हत्यारांच्या पेटीचंही काय करावं कळत नाही. — एक वाचक, पाटण

उत्तर: आधी लिहू नका, विचारा. आईला आणि सगळ्यांत वयस्कर शेजाऱ्यांना पहिल्यांदा गाठा. प्रत्येकाशी वेगळं बोला. सगळे एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण उरते, बाकीचे माना डोलावतात. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. पंखा बंद ठेवा आणि फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाचा खडखडाट येत नाही.

‘बाबा कसे होते?’ असं विचारलंत की विशेषणंच मिळतील. त्याऐवजी बाबांचा पान्हा किंवा पक्कड समोरच्याच्या हातात द्या आणि विचारा: काय बिघडलं होतं? त्यांनी आधी काय तपासलं? काय बदललं? ‘पंखा मंद फिरायचा, त्यांनी अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला आणि जुना माझ्या हातात देऊन पुढच्या वेळी दुकानात काय मागायचं ते सांगितलं,’ अशी एक नोंद मिळाली तर त्यात माणूस दिसतो. ते कुणाला ‘हे माझ्याच्यानं होणार नाही’ म्हणाले आणि मग कुणाकडे पाठवलं, हेही विचारा. घरातलं आईकडूनच येईल: पाणी कोण भरायचं, आजारपणात रात्री कोण जागायचं. ते चिडत कशावर, हे गाळू नका. त्याशिवाय चांगुलपणा खरा वाटत नाही.

साल लोकांना आठवत नाही, घटना आठवतात. ‘कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर?’ विचारा (11 डिसेंबर 1967). पुढे 1972 चा दुष्काळ, 1983 चा क्रिकेट विश्वचषक, 1993 चा किल्लारीचा भूकंप अशा खुणा धरून बहुतेक प्रसंग दोन-तीन वर्षांच्या आत बसवता येतात.

मधे पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असावी लागतात. ए-5 आकाराची 16 पानं पुरेत. चार पानं मुखपृष्ठाची, पाचेक फोटोंची धरली तर मजकूर साधारण 1,800 शब्दांचा बसतो. 4 बाय 6 इंची फोटो 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, नाहीतर फाइल दाबून लहान केली जाते आणि छपाईत चेहरे पुसट येतात. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, जागेवरच कॅमेऱ्यानं टिपा. युनिकोड मजकूर (फोनवर टाइप होतो तो) छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर मागवा आणि नावं मोठ्यानं वाचून तपासा.

आता पेटी. काहीही हलवण्याआधी ती उघडून वरून फोटो घ्या. कुठलं हत्यार हाताशी ठेवलं होतं यावरून कामाची पद्धत कळते. गंजलेले पान्हे आणि पकडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये एक रात्र बुडवा. मूठ लाकडी असेल तर फक्त लोखंडी भागच बुडवा. जास्त दिवस ठेवलं तर आम्ल पोलादही खातं. सकाळी ताठ ब्रशनं घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच कोरडं करून मशीनचं तेल लावा. ठोकून उठवलेली आद्याक्षरं असतील तिथे पॉलिशपेपर लावू नका.

हातानं झिजून गुळगुळीत झालेली मूठ तर मुळीच घासू नका, ती झीजच जपायची आहे. दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून तयार मिळणारं जवसाचं तेल पातळ लावा आणि वीस मिनिटांनी पुसून घ्या. ते चिंधीबोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर सुटे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

चार-पाच हत्यारं घरात ठेवा. बाकीची जो रोज वापरेल अशा कारागिराला द्या. तेल न लागता कपाटात पडलेलं पोलाद पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा गंजतं.