वेल्टरवेटचा सर्वकाळचा क्रम कसा लावायचा? मेवेदर ५०-० असताना रॉबिन्सन वर का?

नांदेडहून तुम्ही विचारलंय, बॉक्सिंगमध्ये फ्लॉइड मेवेदर ५० पैकी ५० लढती जिंकला, तरी वेल्टरवेट या वजनगटात जाणते शुगर रे रॉबिन्सनलाच पहिला का धरतात, आणि असा क्रम लावायचा तरी कसा?

माळेगावच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड आठवा. रेवड्यांवरच्या पन्नास कुस्त्या मारणाऱ्याला शेवटच्या कुस्तीच्या मल्लाशेजारी कुणी बसवत नाही. जोड कुणाशी लागली होती, हे आधी विचारतात. इथंही तेच. वेल्टरवेटची मर्यादा १४७ पौंड, म्हणजे ६६.६८ किलो. एका वहीत प्रत्येकाच्या फक्त त्या वजनाच्या आसपासच्या लढती उतरवा. समोर तीन गोष्टी लिहा: प्रतिस्पर्धी त्या दिवशी किती वर्षांचा होता, तो मुळात कोणत्या वजनाचा, आणि त्याची भरती होती की ओहोटी. निम्मे वाद इथंच मिटतात.

मेवेदरचं पान असं भरतं: हॅटन (२००७) खालच्या वजनातून वर आलेला. मार्केझ (२००९) तर त्याहूनही खालच्या लाइटवेटमधून आलेला, आणि त्या लढतीत मेवेदरनं ठरलेलं वजनही पाळलं नाही. मोस्ली (२०१०) ३८ वर्षांचा. पॅकियाओशी गाठ पडली ती २०१५ मध्ये, तेव्हा मेवेदर ३८ चा, पॅकियाओ ३६ चा. बचाव अप्रतिम, यात शंका नाही. पण वेल्टरवेट म्हणून पान पातळ आहे.

रॉबिन्सननं डिसेंबर १९४६ मध्ये टॉमी बेलला हरवून वेल्टरवेटच्या जगज्जेतेपदाचा पट्टा घेतला. तोवर सत्तरहून अधिक लढती आणि हार एकच, तीही १९४३ मध्ये पंधराएक पौंडांनी जड असलेल्या जेक लामोटाकडून. झिविकला दोनदा हरवलं, गॅव्हिलानला दोनदा, आणि दोघंही खरे वेल्टरवेट. आर्मस्ट्राँगलाही हरवलं, पण तो विजय मी मोजत नाही, कारण आर्मस्ट्राँग तोवर उतरणीला लागला होता. नियम आवडत्या गड्यालाही लावायचा. एक चूक मात्र टाळा: रॉबिन्सनचं जे चित्रण सहज सापडतं ते बहुतेक नंतरच्या, मिडलवेट या वरच्या वजनगटाच्या काळातलं. ते पाहून ‘इतका काही वेगवान नाही’ असं ठरवू नका.

पहिला म्हणून रॉबिन्सनच. दुसऱ्या क्रमांकावर शुगर रे लेनर्ड. १९७९ मध्ये अपराजित बेनिटेझ, १९८० मध्ये दुरानकडून हार आणि पाच महिन्यांत परतफेड, १९८१ मध्ये अपराजित हर्न्स. दोन वर्षांत असे तीन गडी दुसऱ्या कुणी घेतले नाहीत. हर्न्सची लढत मुद्दाम पूर्ण बघा. सहा फूट एक इंचाचा हर्न्स लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारतोय, लेनर्डचा डावा डोळा सुजून मिटत आलाय, तिन्ही पंचांच्या गुणांत लेनर्ड मागे. तेराव्या फेरीत लेनर्ड हर्न्सला दोरांत घालतो, चौदाव्यात रेफरी लढत थांबवतो. तेव्हाच्या पंधराऐवजी आजच्या १२ फेऱ्या असत्या तर ती लढत हर्न्सची होती! म्हणून काळांची तुलना करताना फेऱ्या बघाव्याच लागतात. वजनाचंही तसंच. पूर्वी लढतीच्याच दिवशी वजन व्हायचं. आता आदल्या दिवशी होतं, मग गडी पाणी-जेवण भरून कितीतरी पौंडांनी जड होऊन रिंगमध्ये उतरतो. आजचा १४७ आणि तेव्हाचा १४७ हे शरीरानं सारखे नाहीत.

तिसरा आर्मस्ट्राँग. १९३८ मध्ये फेदर, लाइट आणि वेल्टर या तिन्ही वजनगटांचे पट्टे त्याच्याकडे एकाच वेळी होते, आणि वेल्टरचा पट्टा त्यानं मर्यादेपेक्षा बराच हलका असताना घेतला. डोकं समोरच्याच्या छातीला लावून तो पंधरा फेऱ्या ठोकत राहायचा. चौथा नापोलेस, पाचवा ग्रिफिथ, मग गॅव्हिलान आणि हर्न्स. मेवेदर त्यांच्यानंतर.

अलीकडच्या टेरेन्स क्रॉफर्डबद्दल माझं मन अजून हलतं. जुलै २०२३ मध्ये त्यानं अपराजित स्पेन्सला तीनदा खाली पाडून नवव्या फेरीत थांबवलं आणि चारही मुख्य संघटनांचे वेल्टरवेटचे पट्टे एकत्र केले. ती एक रात्र कुणाच्याही शेजारी ठेवावी अशी. पण १४७ ला तसे गडी त्याला मोजकेच मिळाले, म्हणून पहिल्या पाचात घेत नाही, मेवेदरच्या मात्र वर घेतो.

तुम्ही स्वतः याच वजनात सराव करत असाल, तर लेनर्ड-हर्न्स अर्ध्या वेगानं लावा आणि जॅब मारल्यावर डोकं कुठं जातं एवढंच बघा. हर्न्सचं बऱ्याचदा जागेवरच राहतं. तेराव्या फेरीत तेच त्याला महागात पडतं.