सात कार्डं आहेत, घराचं लोन भेटन का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे, हातात 46 हजार येते. प्लॉट घेऊन ठेवला, आता बांधकामासाठी 22 लाखाचं लोन पाहून राहिलो. बँकेत गेलो तर साहेब म्हणे तुमच्या नावावर सात क्रेडिट कार्डं दिसून राहिली, पहिले त्याचं पाहा. एक पगाराच्या खात्यावर भेटलं होतं, दोन नागपूरले मॉलमध्ये फॉर्म भरून घेतले, बाकीचे फोनवर ‘फ्री आहे सर’ म्हणत म्हणत झाले. दोन कार्डांवर मिळून 1 लाख 40 हजार बाकी आहे, मिनिमम (बिलातली कमीत कमी रक्कम) भरत असतो, तारीख कधी चुकवली नाही. पाच रिकामेच आहेत. गाडीचा हप्ता 3,200 आहे. बायको म्हणते सगळे बंद करून टाका, साळा म्हणते एकही बंद करू नका, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पडते. कोणाचं ऐकू? बाबांच्या किसान क्रेडिट कार्डाले मी जामीनदार आहे, तेही सांगून ठेवतो.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : सर, सात हा आकडा पाहून घाबरू नका, नुसत्या कार्डांच्या संख्येवर लोन अडत नाही. अडतं ते त्या 1 लाख 40 हजारावर.

बँक काय करते ते पाहा. 46 हजार पगारातले साधारण निम्मे म्हणजे 23 हजार हप्त्यांसाठी धरते (कुठे थोडं कमी कुठे थोडं जास्त). त्यातून गाडीचे 3,200 गेले. कार्डाच्या बाकीवर बऱ्याच बँका दरमहा 5 टक्के बोजा धरतात, म्हणजे अजून 7,000 गेले, उरले 12,800. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं धरली तर लाखाला 868 च्या आसपास हप्ता बसतो, म्हणजे तुम्हाला पावणेपंधरा लाखाच्या जवळपासच लोन बसतं. तीच कार्डाची बाकी शून्य झाली की हातात 19,800 राहतात आणि 22 लाख बसून जातात! सव्वा-दीड लाखाच्या बाकीनं तुमचे आठ लाख अडकवून ठेवलेत.

आणि नुसतं मिनिमम भरणं आता थांबवा सर, कळकळीनं सांगते. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, वर्षाचं चाळीसच्या वर जातं, मिनिमममधला मोठा वाटा व्याजातच जातो आणि मुद्दल तसंच्या तसं. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून हे फेडलं तरी खूप स्वस्त पडेल, फक्त तो हप्ता पगारपत्रकात दिसेल आणि बँक तोही मोजेल, म्हणून जमेल तेवढं शिलकीतून भरा. पण शिल्लक सगळी संपवू नका, 30 लाखापर्यंतच्या घरकर्जात बँक जास्तीत जास्त 90 टक्केच देते, बाकीचे घरचे लागतात.

आता बायको आणि साळा. दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे, आधी काय करायचं तेवढं सांभाळा. समजा सातही कार्डांची मिळून लिमिट 4 लाख 60 हजार आहे, तर तुमचा वापर 30 टक्क्यांच्या आसपास दिसतो, तेवढा चालून जातो. पण बाकी तशीच ठेवून पाच रिकामी कार्डं आज बंद केली आणि उरलेल्या दोघांची लिमिट 1 लाख 60 हजारच असली, तर वापर एकदम 87 टक्क्यांवर जातो आणि स्कोअर खाली येतो. म्हणून आधी भरा, मग बंद करा. पगाराच्या खात्यावरचं कार्ड सगळ्यात जुनं असेल तर ते राहू द्या, जुना चांगला इतिहास कामी येतो. मॉलमधली आणि फोनवरची जी लागतच नाहीत ती काढा.

कापून फेकल्यानं कार्ड बंद होत नाही बरं का, लेखी किंवा ॲपवरून अर्ज द्यावा लागतो. बाकी नसेल तर 7 कामाच्या दिवसांत बंद करणं रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानं बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये तुम्हालाच मिळतात. ‘बाकी नाही’ असं पत्र मागून घ्या. आणि फोनवर कोणी ‘थोडे कमी भरा, सेटल करून देतो’ म्हणालं तर हो म्हणू नका, सिबिल रिपोर्टवर ‘सेटल्ड’ शिक्का बसला की घरकर्जाच्या वेळी वर्षानुवर्षं नडतो.

लोन होईपर्यंत नवीन कार्ड नाही, मोबाईल ईएमआयवर नाही, आणि चार बँकांत एकदम अर्जही नाही, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी काढून सातही कार्डं खरंच तुमचीच आहेत ना ते बघा.

बाबांच्या केसीसीचं बरं झालं सांगितलं. जामीनदार म्हणून ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसू शकतं, नवं-जुनं (जुनं भरून पुन्हा उचलणं) वेळेवर झालं नसेल तर थकबाकी तुमच्या नावासमोर लागते. अर्ज द्यायच्या आधी बाबांना घेऊन बँकेत जा, पासबुक भरून घ्या आणि राहिलं असेल तर तेवढं करून टाका. प्लॉट एनए (बिगरशेती) आहे का ते तुम्ही लिहिलं नाही, गावठाणातला असेल तर काही बँका घेतच नाहीत, नकाशाला पैसे घालण्याआधी तेही साहेबांना विचारून घ्या.