प्रबोधनकाळाचं कौतुक अजून का ओसरत नाही?

तुम्ही विचारलंय की पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या प्रबोधनकाळाचं (रेनेसाँचं) आजही एवढं कौतुक का, आणि त्यात युरोपच्या वर्चस्वाचा भाग किती. तो भाग आहेच. पण नुसत्या वर्चस्वावर कौतुक इतकी शतकं टिकत नाही. माझ्या मते ते टिकलं, कारण त्या माणसांचं काम आपल्याला आजही तपासून बघता येतं.

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट घ्या. चर्चचं काम 1296 मध्ये सुरू झालं, पण मधला सुमारे 45 मीटर रुंदीचा भाग शंभर वर्षांनंतरही उघडाच होता. एवढ्या उंचीवर, एवढ्या रुंदीला पुरेल असं लाकडी सेंटरिंग, म्हणजे बांधकाम पक्कं होईपर्यंतचा आधार, उभं करणार कसं? 1418 मध्ये स्पर्धा जाहीर झाली. ब्रुनेलेस्की मुळात सोनारकाम शिकलेला. त्याने सांगितलं, सेंटरिंगच नको.

त्याने एकात एक असे दोन घुमट उभे केले. आडव्या विटांमध्ये ठरावीक अंतरावर उभ्या विटा घातल्या. चुना ओला असताना वरचा तिरका थर घसरू नये म्हणून या उभ्या विटा त्याला आवळून धरतात. एक फेरी पुरी झाली की तीच पुढच्या फेरीला आधार देते. 1420 ला सुरू झालेलं हे काम 1436 मध्ये पुरं झालं. दोन घुमटांमधल्या जिन्याने आजही वर जाता येतं आणि ती वीटरचना अगदी जवळून दिसते. बांधकामातल्या माणसाचा पाय तिथून निघणं कठीण! ब्रुनेलेस्कीचे नकाशे आज उपलब्ध नाहीत, त्यामुळे अभियंते अजूनही त्याच्या पद्धतीचा अभ्यास करताहेत.

विद्येतही तेच. प्राचीन ग्रीक वैद्य गेलन याचं शरीरशास्त्र तेराशे वर्षं प्रमाण होतं. इटलीतल्या पादुआत शरीररचना शिकवणाऱ्या व्हेसेलियसने स्वतः शवविच्छेदन केलं. गेलनने खालच्या जबड्याची दोन हाडं सांगितली होती. प्रौढ माणसात ते एकच निघालं. गेलनचं बरंचसं वर्णन जनावरांवरून केलेलं होतं. व्हेसेलियसने 1543 मध्ये हे सगळं चित्रांसह छापलं, तेव्हा तो 28 वर्षांचा होता. लिओनार्दोची शरीररचनेची रेखाटनं अप्रतिमच, पण ती वह्यांतच राहिली. म्हणून या बाबतीत मी व्हेसेलियसला वरचा मान देतो.

मात्र अंधारातून एकदम उजेड पडला, ही गोष्ट मला पटत नाही. तो उघडा भाग आखणारे कारागीर मध्ययुगातलेच होते, प्रकाश आणि दृष्टीबद्दलची समज बरीचशी अकराव्या शतकातला अरब विद्वान इब्न अल-हैथम याच्या ग्रंथातून आली होती, आणि घुमटाच्या कामाची जबाबदारी लोकरव्यापाऱ्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे मध्ययुगापासून चालत आलेल्या व्यापारी संघाकडे, होती.

चित्रांपासून सुरुवात करायची असेल तर मोनालिसा राहू द्या. फ्लॉरेन्समधलं चित्रकार मसाच्चोचं 1427 च्या सुमाराचं ‘ट्रिनिटी’ हे भित्तिचित्र बघा. मोठी प्रत काढा आणि चित्रातल्या छताच्या, खोल आत जाताना दिसणाऱ्या कडा पट्टीने खाली वाढवत न्या. क्रुसाच्या पायथ्याजवळ, बघणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर, त्या एका बिंदूत येऊन मिळतात.