एजंट म्हणतो, 100% लोन करून देतो. खरंच होतं का?

तुमचा हिशोब असा दिसतो: हातात पगार 90,000, पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतमध्ये 60 लाखांचा रिसेल टू बीएचके पसंत पडलाय, शिल्लक जेमतेम तीन लाख आणि एजंट म्हणतोय, पदरचा रुपया न घालता बसवून देतो. तो नेमकं काय बसवतो ते आधी सांगतो, कारण या एका युक्तीचा मला मनापासून राग आहे.

कर्ज 30 ते 75 लाखांच्या दरम्यान असेल तर बँक घराच्या किमतीच्या 80% वर जाऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मॅनेजर ओळखीचा असून उपयोग नाही. म्हणून एजंट साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, 60 ऐवजी 75 लाखांचं करायला लावतो. 75 चे 80% म्हणजे बरोबर 60. उरलेले 15 लाख तुम्ही भरलेत असं दाखवावं लागतं, कारण ओसीआर, म्हणजे स्वतःच्या हिश्श्याची पावती आणि खात्यातली नोंद, बघितल्याशिवाय बँक चेक सोडत नाही. मग कुणाचे तरी 15 लाख तुमच्या खात्यात येतात, विकणाऱ्याकडे जातात आणि तिथून ज्याचे होते त्याच्याकडे परत फिरतात.

हे फसतं व्हॅल्युएशनला, म्हणजे बँक घराची किंमत तपासते तेव्हा. बँकेचा व्हॅल्युअर त्याच सोसायटीतल्या आधीच्या विक्रीचे इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या व्यवहारांचे उतारे, बघतो. त्याने 62 लाख लिहिले की साठेखत आणि व्हॅल्युएशन यातली कमी रक्कम धरली जाते, आणि तुमचं कर्ज 49.60 लाखांवर येतं. तोवर साठेखत 75 लाखांवर रजिस्टर झालेलं असतं. स्टॅम्प ड्युटी 7% ने 4.20 ऐवजी 5.25 लाख गेलेली असते. विकणाऱ्याच्या माथी कागदावर 15 लाखांचा जादा नफा बसतो. घर त्याच्याकडे दोन वर्षांहून जास्त काळ असेल तर 12.5% दराने 1,87,500 कर, आणि तो तुमच्याकडेच मागणार. मागणं रास्तही आहे. शिवाय बँकेला खोटी किंमत सांगितली हे उघड झालं तर ती सगळं कर्ज एकदम परत मागू शकते. त्या फाइलवर प्रत्येक पानावर सही तुमची असते, एजंटची एकही नसते.

बरं, व्हॅल्युअरने 75 मान्य केले तरी? 60 लाख, 20 वर्षं, 8.5%: हप्ता 52,070. हातातल्या 90,000 वर बँक साधारण निम्म्यापर्यंत हप्ता धरते, म्हणजे 45,000. मुळात बसतच नाही.

दुसरा सल्ला मिळेल की डाउन पेमेंटसाठी पर्सनल लोन घ्या. 10 लाख, पाच वर्षं, 14% ने हप्ता 23,268. तो तुमच्या 45,000 मधून वजा होतो आणि सुमारे 52 लाखांची गृहकर्जाची पात्रता 25 लाखांवर येते. 10 लाख मिळवायला 27 लाख घालवले. गृहकर्ज मंजूर झाल्यावर घेऊ म्हणाल, तर पैसे सोडण्याआधी बँक सिबिल, म्हणजे तुमच्या सगळ्या कर्जांचा अहवाल, पुन्हा काढू शकते.

खरा आकडा असा. मार्जिन, म्हणजे किमतीतला तुमचा 20% हिस्सा, 12 लाख, स्टॅम्प ड्युटी 4.20 लाख, रजिस्ट्रेशन 30,000. झाले 16.50. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन कर्जाच्या हिशोबात घराच्या किमतीत धरत नाहीत, हे बहुतेकांना सही करायच्या आठवड्यात कळतं. वर सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम (जास्तीत जास्त 25,000), एजंटचं कमिशन, प्रोसेसिंग फी, नोटीस ऑफ इंटिमेशन (कर्जाची सरकारी नोंद). साडेसतरा लाख धरा.

ते सरळ मार्गाने उभे करायचे तर पीएफमधून घरासाठी रक्कम काढा, पॉलिसी किंवा एफडीवर कर्ज घ्या, आई-वडिलांकडून चेकने भेट घ्या आणि साधं गिफ्ट लेटर करून ठेवा. त्यावर कर नाही. सोनं तारण ठेवू नका, मुद्दल वर्षात एकरकमी फेडायचं असेल तर पहिल्याच वर्षी हप्ता आणि ते, दोन्ही अंगावर येतं. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर ड्युटी 6%, 60,000 वाचतात. तुम्ही कर्जात सहअर्जदार राहू शकता, पण मालकीत नाव नसल्याने व्याजाची करसवलत तुम्हाला नाही. दोघांच्या नावावर घेतलं तर ही सूट मिळत नाही.

आणि "भाडं म्हणजे पाण्यात पैसे" हे ज्यांनी तुमच्या डोक्यात भरवलंय त्यांना हप्त्यांच्या तक्त्याची पहिली ओळ दाखवा. 48 लाखांच्या कर्जाचा हप्ता 41,655, त्यात पहिल्या महिन्याचं व्याज 34,000 आणि मुद्दल 7,655. हे 34,000 कुठल्या विहिरीत जातात? भाडं 22,000 असेल तर उरलेले 19,655 दरमहा बाजूला टाका. पाच वर्षांत व्याज न धरताही 11.79 लाख, म्हणजे जवळपास मार्जिन. किंमत वाढेल, मान्य. पण मार्जिन नसताना घेतलेल्या घरात पहिल्या नोकरीबदलाला हप्ता चुकतो, आणि घाईत विकलेल्या घराला वाढलेली किंमत मिळत नाही.

बायकोचा पगार धरला तर पात्रतेचे वरचे आकडे बदलतील, बँकेगणिक दरही बदलेल. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दराने निघणारी, किंमत 60 लाखांपेक्षा जास्त निघाली तर ड्युटी तिच्यावर लागेल, तेवढी आधी काढून बघा. तरीही व्यवहार करायचाच असेल तर विसार (आगाऊ रक्कम) एक लाखाच्या वर देऊ नका आणि विसार पावतीत हे वाक्य घाला: "बँकेने या मालमत्तेवर 48 लाखांचं कर्ज नाकारल्यास किंवा कमी मंजूर केल्यास विसाराची पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत करण्यात येईल." विकणाऱ्याने यावर सही नाकारली तर पुढचा फ्लॅट बघा.