'येणे-देणे'ला एकच इंग्रजी शब्द?

कोथरूडमधल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवबाईंनी विचारलंय: सभासदांच्या खात्यांच्या तक्त्यात 'येणे-देणे' असा रकाना आहे. मराठी न वाचणाऱ्या सभासदांसाठी तोच तक्ता इंग्रजीत करायचाय, पण रकाना अरुंद. दोन उलट अर्थांचे शब्द त्यात मावत नाहीत. एकाच इंग्रजी शब्दात भागेल का?

भागेल. 'बॅलन्स' लिहा. 'ड्यूज' मात्र नको. ड्यूज म्हणजे भरायची राहिलेली रक्कम. ज्यांनी वर्षाचा मेंटेनन्स आगाऊ भरलाय, त्यांच्या नावापुढे ड्यूजखाली आकडा दिसला, तर गृहस्थ पावत्यांची फाइल काखोटीला मारून संध्याकाळीच तुमच्या दारात उभे राहतील. 'आउटस्टँडिंग'चीही तीच गत. बॅलन्स कोणाचीच बाजू घेत नाही. जुन्या खतावणीतल्या 'बाकी'सारखा तो नावेही असतो आणि जमाही. म्हणूनच आकड्यापुढे 'डेबिट' की 'क्रेडिट' याची खूण हवीच, आणि ती संस्थेच्या वहीतून पाहून. संस्थेचं येणं ते सभासदाचं देणं. थकबाकीदाराची बाकी संस्थेच्या वहीत नावे, म्हणजे डेबिट. आगाऊ भरणाऱ्याची जमा, म्हणजे क्रेडिट. तक्त्याखाली एवढी एक ओळ टाकलीत की भांडणं निम्मी होतील. (पूर्ण मिटतील असं पुण्यातल्या सोसायटीबद्दल मी म्हणणार नाही.)

आता मूळ प्रश्न. अशा उलट जोड्यांना इंग्रजीत एकच शब्द कधी सापडतो आणि कधी नाही? शब्दकोश उघडण्याआधी शाळेत शिकलेला विग्रह करून बघावा. द्वंद्व समास तीन प्रकारचा. 'आईबाप' म्हणजे आई आणि बाप, 'खरेखोटे' म्हणजे खरे किंवा खोटे, 'मीठभाकर' म्हणजे मीठ, भाकर वगैरे. जोडीत 'किंवा' दडलेला असेल, तर इंग्रजी शब्द बहुधा त्या गुणाचं नाव असतो. 'सम-विषम'ला 'पॅरिटी', 'धन-ऋण'ला 'साइन', गणितातल्या 'कमाल-किमान'ला 'एक्स्ट्रीमम'. तुमचं येणे-देणे याच गटातलं. एका तारखेला एका सभासदाच्या खात्यात शेवटी एकतर येणं उरतं किंवा देणं.

'आणि' निघाला तर इंग्रजी शब्द त्या हालचालीचं नाव होतो. 'ये-जा'ला 'ट्रॅफिक', 'ने-आण'ला 'ट्रान्सपोर्ट', 'देवाणघेवाण'ला 'एक्स्चेंज', 'भरती-ओहोटी'ला 'टाइड'. यातला टाइड मजेदार आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता 'वेळ' असा होता, नाताळच्या दिवसांना म्हणतात त्या 'यूलटाइड'मध्ये तो अजून शिल्लक आहे. पाण्याशी त्याचा संबंध नंतर जुळला.

पण शब्द आहे म्हणून तो वापरावाच असं नाही. पेठांतल्या रस्त्यांवरच्या 'पी-१', 'पी-२' पाट्या घ्या. सम तारखेला गाडी एका बाजूला लावायची, विषम तारखेला समोर. तिथे कोणी 'पार्किंग बाय पॅरिटी' लिहिलं, तर शब्द अचूक आणि टोइंगवाल्यांची चंगळ. गाडी लावणाऱ्याला गुणाचं नाव नको असतं, आज कोणती बाजू तेवढं हवं असतं. (३१ आणि १ या दोन्ही विषम तारखा लागोपाठ येतात, त्या दिवशी बाजू बदलतच नाही. नेमकी तिथेच माणसं फसतात.)

खडकवासल्याच्या बातम्यांतही हेच. धरणातली 'आवक' आणि धरणातून होणारा 'विसर्ग', दोन्ही क्युसेकमध्येच मोजतात आणि इंग्रजीत दोन्हींना 'फ्लो' म्हणता येतं. पण नदीपात्रातला रस्ता बंद होणार का, हे विसर्गाच्या आकड्यावर ठरतं. तिथे दोन शब्द हवेतच.

काही जोड्यांचा विग्रह फसवा असतो. 'त्याचं काही बरंवाईट झालं तर' या वाक्यातला 'बरं' नावापुरता आहे, सगळा भार 'वाईट'वर. 'मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही' यात पैशाचा संबंधच नाही. तिथे बॅलन्स लिहिणाऱ्याला अनुवादाचं काम देऊ नये. आणि 'सासर-माहेर'ला एक शब्द शोधण्यात वेळ घालवू नका. इंग्रजीत नुसत्या 'माहेर'लाच शब्द नाही, जोडीचं काय घेऊन बसलात.

'सँक्शन'सारख्या शब्दांचा प्रकार याहून वेगळा. महापालिकेत नकाशा सँक्शन झाला म्हणजे मंजुरी, एखाद्या देशावर सँक्शन लादले म्हणजे निर्बंध. हा शब्द दोन टोकांना सामावणारा नाही; एका वेळी एकाच टोकाला असतो.

जाता जाता बाईंनी आवक-जावक नोंदवहीचंही विचारलंय. तिला 'करस्पॉन्डन्स रजिस्टर' म्हणता येईल, इंग्रजी म्हणून ते जास्त सुबकही आहे. तरी मी 'इनवर्ड-आउटवर्ड'च ठेवीन. सभासदाने दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून इनवर्ड नंबर घालावा लागतो, आणि पुढे वाद झाला की तोच नंबर सगळे मागतात.